मनाचा वैद्य आणि त्याचा मदतनीस

आयुर्वेदाच्या जुन्या आचार्यांनीं चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत या चौघांचे प्रत्येकीं चार गुण मोजून दिलेले आहेत. व परिचारकाचे गुण म्हणून उपचाराचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं जिव्हाळा आणि शुचिता यांची गणना केली आहे. वैद्याच्या हाताखालच्या माणसास चिकित्सेच्या एका पायाचा मान देणारी ही दृष्टि आम्हांस फार शहाणपणाची वाटते. कारण चौरंगाचा कोणताहि पाय आंखूड झाला तरी चौरंग डळमळावयाचाच. परंतु या यादींत एक गुण नाहीं, आणि त्याचें नसणें हाच आमच्या आजच्या विषयाचा आरंभ आहे. रोग्याच्या घरांतील गोष्टी बाहेर फोडूं नयेत असा दंडक चरकानें घातला आहे खरा. पण तो विमानस्थानांत, वैद्यविद्या शिकूं इच्छिणाऱ्या शिष्यास दीक्षा देण्याच्या प्रसंगीं. परिचारकाच्या चार गुणांत मौनाचा उल्लेख नाहीं. शरीराच्या रोगांत ही उणीव पुष्कळशी खपून जाते. मोडलेला पाय शेजाऱ्यास कळला म्हणून कोणाची अब्रू जात नाहीं. मनाच्या रोगांत मात्र औषध म्हणजे बहुतांशीं बोलणेंच असतें, आणि तें बोलणें ज्याच्या कानांवरून जातें तो प्रत्येक जण औषधालाच हात लावीत असतो.

अलीकडे मानसोपचारकांच्या दवाखान्यांत एक नवा परिचारक शिरूं लागला आहे. तो डोळ्यांस दिसत नाहीं. कधीं तो दूरच्या एखाद्या शहरांत आपल्या घरीं बसून अनेक दवाखान्यांचे फोन घेणारा पगारी मनुष्य असतो. कधीं तो मनुष्य नसतोच, संगणकावर चालणारी एक योजना असते. भेटीची वेळ ठरविणें, आदल्या दिवशीं आठवण करणें, फीचा हिशेब ठेवणें, नव्या रोग्यास प्राथमिक प्रश्न विचारून उत्तरें टिपून घेणें, आणि अगदीं अलीकडे तर उपचारक व रोगी यांचें संभाषण ऐकून त्याचें टिपण तयार करणें, इतकीं कामें तो करतो. त्यास आभासी मदतनीस असें नांव पडलें आहे. हा मदतनीस ठेवावा कीं न ठेवावा, या प्रश्नाचें उत्तर त्याच्या यंत्ररचनेंत शोधण्यापेक्षां त्याच्या पूर्वजांच्या इतिहासांत शोधणें अधिक फलदायी होईल असें आम्हांस वाटतें. आणि तो इतिहास पाहण्यास अमरावती-अकोल्याच्या वऱ्हाडाइतकें सोईचें ठिकाण क्वचित् सांपडेल; कारण वैद्य व रोगी यांच्यामध्यें उभ्या राहणाऱ्या माणसाची खरी किंमत किती, याचें मोजमाप याच प्रांतांतील तीस खेड्यांत झालेलें आहे.

वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला तो १८५३ सालीं. नागपुरास वेड्यांचें इस्पितळ निघालें १८६४ सालीं, व अकोला-बडनेऱ्यावरून जाणारा लोहमार्ग नागपुरास पोंचला १८६७ सालीं. पुढें वऱ्हाडच्या लोकांच्या दृष्टीनें मनोरुग्णालय म्हणजे नागपूर असें समीकरण होऊन बसलें, तें पुष्कळ अंशीं आजहि टिकून आहे. पण असलीं इस्पितळें ज्याच्या वेडाचा दुसऱ्यास उपद्रव होई त्याच्यासाठीं होतीं. जो कोणास उपद्रव देत नाहीं, केवळ आंतल्या आंत झुरतो, त्याची दाद तेथें नव्हती. तो देवाकडे जाई, अंगाऱ्या-धुपाऱ्याकडे जाई. मेळघाटांत कोरकूंच्या भुमकाकडे जाई. बुलढाणा जिल्ह्यांतील सैलानीबाबाच्या दर्ग्यावर मनोविकारानें पछाडलेल्यांस घेऊन येण्याची चाल तर सर्वश्रुतच आहे. या सगळ्या ठिकाणांची थट्टा करणें सोपें आहे. तेथें रोग्याचें म्हणणें ऐकून घेणारा कोणीतरी बसलेला असे, ही गोष्ट थट्टा करणारे बहुधा विसरतात.

शहरांत व मोठ्या गांवांत या झुरणाऱ्यांची गांठ डॉक्टराशीं पडे, आणि डॉक्टराच्याहि अगोदर कंपाउंडराशीं. कंपाउंडर ही आपल्याकडील एक संस्थाच होती. औषधाची बाटली भरून तिच्यावर मात्रांच्या खांचा पाडलेली कागदाची पट्टी डकविणारा, पुड्या बांधणारा, कोणास आधीं आंत सोडावें व कोणास बाकावर बसवून ठेवावें हें ठरविणारा हा मनुष्य डॉक्टरापेक्षां अधिक वेळ रोग्यांच्या सहवासांत असे. छातींत धडधडतें, अंगांत कस राहिला नाहीं, झोंप लागत नाहीं, अशा तक्रारी घेऊन तीच बाई चवथ्यांदां दारांत आली, म्हणजे हें दुखणें बाटलींत मावणारें नव्हे ही गोष्ट पुष्कळदां प्रथम त्याच्या ध्यानांत येई. तिच्या घरीं कांहीं बिनसलें आहे एवढें एक वाक्य तो डॉक्टराच्या कानीं घाली, आणि त्या वाक्याचें मोल दहा तपासण्यांहून जास्त असे. मात्र तेंच वाक्य संध्याकाळीं पानाच्या दुकानावरहि जाऊन पोंचे! कारण कंपाउंडर त्याच गांवचा, त्याच आळींतला. बाईच्या माहेरची व सासरची माणसें त्याच्या ओळखीचीं. ज्या ओळखीमुळें तो उपयोगी, त्याच ओळखीमुळें तो धोक्याचा. हा पेंच वाचकांनीं लक्षांत ठेवावा, कारण पुढें जें जें आलें तें या पेंचांतून सुटण्याचा एकेक प्रयत्न आहे.

सरकारी प्रयत्नांचा इतिहास थोडक्यांत आटोपतां येईल. १९८२ सालीं राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आंखला गेला. प्राथमिक आरोग्यकेंद्रांतूनच मनाच्या रोगांवर उपचार व्हावेत अशी त्यांत कल्पना होती. १९९६ पासून तो जिल्हावार राबविण्याचें ठरलें. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनें २०१५-१६ मध्यें देशांतील बारा राज्यांत जी पाहणी केली (महाराष्ट्र त्या बारांत नव्हता), तींत असें दिसून आलें कीं निरनिराळ्या मनोविकारांनीं ग्रासलेल्यांपैकीं शेंकडा ७० पासून ९२ पर्यंत माणसें उपचाराविनाच राहतात. तीस वर्षांच्या कार्यक्रमानंतरचें हें चित्र आहे; त्यावर भाष्य नको.

याच सुमारास वऱ्हाडावर दुसरें संकट कोसळलें होतें. कापसाच्या शेतीचा तोटा, कर्ज आणि पावसाचा लहरीपणा यांनीं पिचलेल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्त्यांच्या बातम्या रोजच्या झाल्या. २००६ सालीं पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भांत आले व अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम, यवतमाळ आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटि रुपयांची योजना जाहीर झाली. तिचा मुख्य भर पाटबंधारे, कर्ज आणि बियाणें यांवर होता, आणि तो तसा असणें योग्यच होतें. कर्जबाजारी माणसास समुपदेश करून त्याचें कर्ज फिटत नाहीं. मनाच्या उपचाराची गोष्ट काढली कीं आमचे कांहीं मित्र संतापतात. शेतकऱ्यास भाव द्या, त्याचें डोकें तपासूं नका, असें ते म्हणतात. त्यांचा संताप आम्हांस समजतो. पण त्याच गांवांत, तितकेंच कर्ज असलेलीं दोन माणसें शेजारीं शेजारीं राहतात, आणि त्यांतील एकाच्या हातीं कीटकनाशकाचा डबा येतो. दोघांसहि भाव मिळाला पाहिजे. परंतु त्या रात्रीं त्या एकाच्या दारांत कोणीतरी यावयास पाहिजे, हाहि प्रश्न खराच आहे.

तो दारांत येणारा मनुष्य कोण असावा, याचा प्रयोग प्रथम गोव्यांत झाला. १९९६ सालीं तेथें स्थापन झालेल्या संगाथ या संस्थेनें, डॉ. विक्रम पटेल यांच्या मार्गदर्शनाखालीं, वैद्यकाचें शिक्षण नसलेल्या साध्या माणसांस थोड्या मुदतींत शिकवून त्यांजकडून समुपदेशाचें काम घेतलें, व त्याचा उपयोग सरकारी आरोग्यकेंद्रांत होतो असें २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दाखवून दिलें. त्याच पद्धतीवर अमरावती जिल्ह्यांतील तीस गांवांत एक उपक्रम उभा राहिला. त्याचें नांव विश्राम. इंग्रजी नांवांतील आद्याक्षरें जुळवून हा शब्द बनविलेला आहे. त्या नांवांत रोग हा शब्द नाहीं, वेड नाहीं, केवळ विदर्भ, ताण आणि आरोग्य आहे. नांवाची ही निवड आम्हांस मोठी मार्मिक वाटते. वऱ्हाडांतील मनुष्य आपणांस रोग झाला असें म्हणणार नाहीं. टेन्शन आहे असें मात्र तो बेलाशक सांगेल.

विश्रामची रचना तीन पायऱ्यांची होती. पहिल्या पायरीवर गांवांत हिंडणारे कार्यकर्ते. ते घरोघर जात, बैठकी भरवीत, कोणाचें जेवणावरून मन उडालें आहे, कोण लोकांत मिसळेनासा झाला आहे, हें पाहत व धीराचे चार शब्द बोलत. दुसऱ्या पायरीवर शिकवून तयार केलेले समुपदेशक; आणि तिसऱ्या पायरीवर ठराविक दिवशीं येणारे मनोविकारतज्ज्ञ, ज्यांच्याकडे थोड्याच रोग्यांस जावें लागे. म्हणजे तज्ज्ञ हा या इमारतीचा कळस, आणि पाया तो मदतनीस. याचें फळ काय झालें तें डॉ. राहुल शिधये व त्यांचे सहकारी यांनीं २०१७ सालीं लॅन्सेट सायकिअॅट्री या मासिकांत मांडलें. आरंभींच्या पाहणींत नैराश्यानें ग्रासलेल्या शंभर माणसांपैकीं कोणाकडे तरी मदतीस गेलेलीं माणसें होतीं अवघीं ४.३, अठरा महिन्यांनंतरच्या पाहणींत तें प्रमाण २७.२ झालें. गेल्या वर्षभरांत जीव देण्याचा विचार मनांत येऊन गेला असें सांगणारांचें प्रमाण शेंकडा ५.२ वरून २.५ वर आलें. तुलनेसाठीं उपक्रमाबाहेरचीं गांवें घेतलेलीं नव्हतीं, तेव्हां या फरकाचें सगळें श्रेय उपक्रमासच द्यावें असें म्हणतां येणार नाहीं. त्या अठरा महिन्यांत पाऊसपाण्यानेंहि आपला हात फिरविला असेल. तरी पण चारांवरून सत्तावीस हें अंतर केवळ पावसानें कापलें असें मानणें कठीण आहे.

आम्हांस या आंकड्यांत विशेष वाटतें तें हें. त्या तीस गांवांत अठरा महिन्यांत नवें औषध निघालें नव्हतें, कीं तज्ज्ञांची पलटण येऊन उतरली नव्हती. मध्यें एक मनुष्य उभा केला गेला. तो गांवच्या ओळखीचा होता, म्हणजे जुन्या कंपाउंडराचा पेंच त्यासहि होताच; परंतु त्याच्यावर देखरेख करणारा समुपदेशक होता, त्याच्यावर तज्ज्ञ होता, आणि कोणती गोष्ट कोणास सांगावयाची याचें त्यास शिक्षण दिलेलें होतें. ओळख तीच ठेवून तिला जबाबदारीची वेसण घातली गेली. पुढें महाराष्ट्र सरकारनेंहि २०१५ सालीं प्रेरणा प्रकल्प काढून आत्महत्त्याग्रस्त जिल्ह्यांत आशा कार्यकर्त्यांकडून घरोघर विचारपूस करविण्याचें योजिलें. त्यांतहि तत्त्व तेंच आहे.

आतां यंत्राकडे वळूं. त्याचा जन्म वऱ्हाडापासून फार दूर, अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठांत झाला. जोसेफ वायझेनबाउम हा बर्लिनमध्यें जन्मलेला व हिटलरच्या अमदानींत देश सोडावा लागलेला ज्यू गृहस्थ तेथें संगणकशास्त्र शिकवीत असे. त्यानें १९६६ सालीं एलायझा नांवाची एक योजना प्रसिद्ध केली. बर्नार्ड शॉच्या पिग्मॅलियन नाटकांतील फुलवालीचें तें नांव. या योजनेचें काम असें कीं समोरच्या माणसानें टंकलेल्या वाक्यांतील एखादा शब्द उचलावा आणि त्याचाच प्रश्न करून परत द्यावा. आईचें नांव काढलें कीं घरच्यांविषयीं आणखी कांहीं सांगा म्हणावें; दुःखी आहें म्हटलें कीं दुःखाचें कारण पुसावें. अर्थ तिला कशाचाच कळत नसे. तरीहि वायझेनबाउमची चिटणीस, जिनें ही योजना महिनोगणती डोळ्यांदेखत तयार होतांना पाहिली होती, तिच्याशीं कांहीं वेळ बोलल्यावर त्यासच म्हणाली कीं आपण जरा खोलीबाहेर जाल का! वायझेनबाउम यानें दचकून जाऊन पुढें १९७६ सालीं यंत्राच्या मर्यादांवर एक सबंध ग्रंथच लिहिला. उलट केनेथ कोल्बी या मनोविकारतज्ज्ञानें आपल्या सहकाऱ्यांसह १९६६ सालींच असें सुचविलें होतें कीं जेथें उपचारकांचा तुटवडा आहे तेथें असलें यंत्र तासाला शेंकडों रोग्यांशीं बोलूं शकेल. आजचा सगळा वाद या दोघांनींच त्या वेळीं मांडून ठेवलेला आहे. नंतरच्यांनीं त्यांत भर घातली ती मुख्यतः भांडवलाची.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. प्रश्नास प्रश्न जोडीत जाऊन माणसास बोलतें करण्याची कला वऱ्हाडास नवी नाहीं. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेले गाडगेबाबा आपल्या कीर्तनांत हेंच करीत. ते विचारीत, श्रोते उत्तर देत, आणि त्या उत्तरांतून बाबा पुढचा प्रश्न काढीत. असें करतां करतां मनुष्य आपल्याच तोंडानें आपली चूक कबूल करून बसे. वरवर पाहतां रीति एकच. पण बाबांना उत्तर कळत असे, आणि कीर्तनापूर्वीं त्याच गांवचे रस्ते त्यांनीं खराट्यानें झाडलेले असत.

तथापि यंत्रानें कांहींच साधत नाहीं असें म्हणणें पक्षपाताचें होईल. इंग्लंडांत सरकारी आरोग्यसेवेमार्फत चालणाऱ्या अठ्ठावीस उपचारसेवांतील सुमारें १,२९,४०० रोग्यांचा अभ्यास २०२४ सालीं नेचर मेडिसिन या मासिकांत प्रसिद्ध झाला. ज्या ठिकाणीं रोग्याचें नांव नोंदवून प्राथमिक प्रश्न विचारण्याचें काम संभाषण करणाऱ्या यंत्रावर सोंपविलें, तेथें येणाऱ्यांची संख्या शेंकडा १५ नीं वाढली. जेथें जुनीच रीत होती तेथें ६ नीं. अल्पसंख्य वंशांच्या लोकांत ही वाढ त्याहूनहि अधिक होती. अभ्यास करणारांत यंत्र बनविणाऱ्या कंपनीचींच माणसें होतीं हें ध्यानीं धरूनहि या निष्कर्षाकडे दुर्लक्ष करतां येत नाहीं. कारण तो उघड आहे. जो मनुष्य दुसऱ्या माणसाच्या नजरेस भितो, तो यंत्राच्या दारांतून सुखानें आंत येतो. अमरावतीच्या राजापेठेंत किंवा अकोल्याच्या रामदासपेठेंत मनोविकारतज्ज्ञाच्या पाटीखालीं आपली दुचाकी उभी करतांना ज्याचा हात अडखळतो, त्यास ही गोष्ट कोणी समजावून देण्याची जरूर नाहीं. मुलीचें लग्न ठरावयाचें आहे अशा घरांत तर ती पाटी म्हणजे वाघाची जाळी! दवाखान्याच्या फोनवर मामेसासऱ्याच्या ओळखीचा आवाज येण्यापेक्षां परगांवच्या अनोळखी माणसाचा, किंवा माणूस नसलेल्याचा, आवाज आलेला बरा असें त्या घरच्या आईस वाटलें तर तिला दोष कोण देईल? दूरच्या मदतनिसाची ही बाजू खरी आहे, व ती कंपाउंडराच्या काळापासून रिकामी पडलेली होती.

पण परगांवचा मनुष्य पानाच्या दुकानावर बोलत नाहीं म्हणून गुपित सुरक्षित राहिलें असें नव्हे. फिनलंड देशांत वास्तामो नांवाची मानसोपचाराची मोठी संस्था होती. तिच्या संगणकांत ठेवलेलीं हजारों रोग्यांचीं टिपणें चोरीस गेलीं, आणि २०२० सालीं चोरानें एकेका रोग्यास पत्र पाठवून पैसे मागितले. न दिल्यास तुमचीं टिपणें जगजाहीर करूं असें त्यांत होतें. कांहींचीं तशीं जाहीर झालींहि. पुढच्या वर्षीं ती संस्था बुडाली. कंपाउंडराच्या तोंडून गेलेली गोष्ट चार आळ्यांत फिरून विरून जाई. ही विरत नाहीं. आणि उपचारकाचें व रोग्याचें बोलणें ऐकून टिपण लिहिणारा मदतनीस जर दवाखान्यांत ठेवला, तर पूर्वीं जें उपचारकाच्या वहींतहि येत नसे तें शब्दशः कोठेंतरी सांठून राहण्याचा संभव उत्पन्न होतो. या कोठेंतरीचा पत्ता रोग्यास ठाऊक नसतो, आणि आमच्या माहितीप्रमाणें पुष्कळ उपचारकांसहि नसतो.

आपल्याकडील कायद्यानें या बाबतींत डोळे मिटलेले नाहींत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें रोग्यास गुप्ततेचा हक्क दिला व उपचार करणाऱ्या व्यावसायिकांवर ती पाळण्याचें बंधन घातलें. २०२३ सालीं वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा झाला. परंतु सर्वांत स्पष्ट शब्द आहेत ते २०२० च्या मार्च महिन्यांत, करोनाच्या सांथींत देश बंद झाला त्याच आठवड्यांत निघालेल्या दूरवैद्यकाच्या मार्गदर्शक तत्त्वांत. कृत्रिम बुद्धीवर चालणाऱ्या यंत्रणेनें रोग्यास सल्ला देऊं नये, औषध लिहून देऊं नये. तिनें नोंदणीकृत डॉक्टरास साहाय्य करावें इतकेंच, असें तीं सांगतात. म्हणजे मदतनीस हा मदतनीसच राहावा. २०२२ च्या ऑक्टोबरांत केंद्र सरकारनें टेलि-मानस ही दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू केली, तिच्यांतहि दुसऱ्या टोंकाला समुपदेशाचें शिक्षण घेतलेला मनुष्य बसविलेला आहे. वऱ्हाडांतील कोणासहि जिवावर उठल्यासारखें वाटलें तर हा क्रमांक फिरवितां येतो, व मराठींत बोलतां येतें. म्हणून तो येथें मुद्दाम दिला आहे. रोग्याशीं थेट बोलणाऱ्या खाजगी यंत्रांची स्थिति निराळी आहे. अमेरिकेंतील वोबॉट हें २०१७ सालीं मोठ्या गाजावाजानें निघालें आणि २०२५ च्या जून अखेर लोकांसाठीं बंद झालें. त्याच्याशीं रोज रात्रीं बोलणाऱ्यांनीं दुसऱ्या दिवशीं कोणाशीं बोलावें, हा प्रश्न कोणत्याहि हिशेबवहींत लिहिला गेला नाहीं.

आणखी एक अडचण भाषेची आहे, आणि ती आमच्या प्रांताची खास आहे. वऱ्हाडी मनुष्य मी निराश आहें असें सहसा म्हणत नाहीं. जीव घाबरते, मन लागत नाई, डोक्स्यात कायी सुधरत नाई, मले कसंतरीच वाटते, असें तो म्हणेल. आणि त्यांतील जीव घाबरणें म्हणजे कधीं खरोखरच हृदयाचा विकार असेल, कधीं उपासाची ग्लानि असेल, व कधीं ज्यास पुस्तकी भाषेंत विषण्णता म्हणतात ती असेल. यांतील कोणतें, हें शब्दांवरून कळत नाहीं. बोलणाऱ्याच्या बायकोनें दाराआडून काय खूण केली, तूर विकली गेली कीं घरांतच पडून आहे, यंदा पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग लागला कीं नाहीं, यांवरून तें कळतें. छापील मराठीवर वाढलेल्या यंत्रास हें उमगेल अशी आशा करणें आज तरी भाबडेपणाचें आहे. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू बाईस तर ती मराठीहि परकीच.

तेव्हां अमरावतीच्या एखाद्या तरुण मानसोपचारकानें आम्हांस विचारलें कीं असा मदतनीस ठेवूं का, तर आम्ही ठेव म्हणूं. वेळा ठरवूं दे, आठवण करूं दे, हिशेब ठेवूं दे. दिवसाचा तास-दीड तास या कामांत जातो, आणि तितक्या वेळांत एका रोग्याचें ऐकून होतें. नवीन माणसाचें दार उघडण्यासहि त्याचा उपयोग करावा, मात्र पलीकडे यंत्र आहे हें पहिल्याच वाक्यांत सांगून. पण आंतलें बोलणें त्याच्या कानीं पडूं देऊं नये. आणि पडूं द्यावयाचेंच असेल तर तें कोठें सांठतें, किती दिवस राहतें आणि फुटलें तर जाब कोणी द्यावयाचा, हें रोग्याच्या समोर, त्याला समजेल अशा भाषेंत सांगून त्याची संमति घ्यावी. जो उपचारक हें सांगण्यास कचरतो त्यानें आपली वही आणि पेन्सिल यांवरच भागवावें. आणि जिवावर उठलेल्या माणसाचा फोन मध्यरात्रीं आला तर तो यंत्रानें घेऊन सकाळची वेळ द्यावी, ही व्यवस्था कितीहि सोईची असली तरी ती आम्हांस मान्य नाहीं. त्या फोनला माणूसच पाहिजे.

त्या तीस गांवांच्या आंकड्यांकडे पुन्हां पाहिलें म्हणजे २७.२ च्या पलीकडे राहिलेलीं माणसें दिसूं लागतात. शंभरांतील सुमारें त्र्याहत्तर तेव्हांहि सुटलींच होतीं. ज्या घरांत एकच फोन आहे आणि तो मुलाच्या खिशांतून सकाळींच अकोल्याच्या बाजारांत गेलेला असतो, त्या घरांतील बाई त्या त्र्याहत्तरांत असावयाची. भेटीची आठवण तिला पाठवावयाची तर ती मुलाच्या खिशांत जाऊन वाजते, आणि जें झांकावयाचें तेंच उघडें पडतें. तिच्या वस्तींतल्या कार्यकर्तीस ही अडचण नाहीं. मुलगा बाजारास गेला, नवरा कापसाची गाडी घेऊन जिनाकडे गेला, आणि सून धुणें घेऊन नदीकडे वळली, म्हणजे ती दुपारीं येऊन ओट्यावर बसते व आधीं सरकीच्या भावाची गोष्ट काढते.